धोंडिबा चायनीज

सोलापुरात आसरा चौकाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, लाल कापडाची झालर लावलेली एक गाडी संध्याकाळी उभी राहते. गेल्या महिन्यात भाजी घेऊन परतताना तिच्यावरची पाटी मी पहिल्यांदा नीट वाचली. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं, अक्षरांना काळी सावली, दोन्ही टोकांना एकेक ड्रॅगन. ड्रॅगन जरा चमत्कारिकच होते. अंग गुबगुबीत, शेपटी मात्र एकदम बारीक आणि का कोण जाणे, हिरवी. आणि त्या दोघांच्या मधोमध लिहिलं होतं, ‘धोंडिबा चायनीज’. मी स्कूटी थांबवली. हसू आलं, चांगलंच आलं. पर्समधून मोबाइल काढला, फोटो घेतला आणि शाळेच्या ग्रुपवर टाकणार तेवढ्यात कढईच्या धुरामागून आवाज आला, “काय चुकलंय का ओ मॅडम?”

तिशीच्या आतबाहेरचा पोरगा. एका हातात झारा, दुसऱ्या हातात कढईचा दांडा, आणि चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. मी म्हटलं, “नाही नाही, छान आहे नाव.” तो सुटल्यासारखा हसला. “मग ठीकंय. मागं एक सर आल्ते. म्हनले, चायनीजमधली नी दुसरी पायजे. पेंटरला पन्नास रुपये देऊन दुसरी करून घेतलो.” मी मान डोलावली, स्कूटी चालू केली आणि निघाले. काही खाल्लं नाही. घरी येऊन फोटो मात्र टाकलाच. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे रात्री साडेअकरापर्यंत येत राहिले. एकीने लिहिलं, ‘आता दगडू थाई पण येऊ दे.’ त्यालाही मी हसले.

झोपताना ते “छान आहे” आठवत राहिलं. माणूस कामात असताना थांबून विचारतो, चुकलंय का, आणि आपण त्याच्या तोंडावर छान म्हणून मागे त्याचा फोटो वाटत बसतो.

पाट्या वाचणं हा माझा जुना रोग आहे. सोळा वर्षं मी एका दैनिकात मुद्रितशोधक होते. त्या कामानं डोळ्यांना एक वाईट वळण लागतं. लग्नपत्रिका हातात आली की आधी ‘आशिर्वाद’ दिसतो, मग नवरानवरी. त्यात सोलापूर म्हणजे या रोगाला मोकळं रान. एकाच चौकात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू शेजारीशेजारी नांदतात, आणि रंगवणारा एकाच भाषेत जन्मलेला असेल असं काही नाही. मी कधी या चुकांची वही केली नाही, पण चायनीजच्या गाड्यांवरचे मासले डोक्यात आपोआप साठत गेले. मंच्युरीयन, मनचुरी, मंचूरण. शेजवान, शेझवान, आणि एका ठिकाणी चक्क शेजवळ. हॉट अँड शॉवर सूप मी दोन वेगवेगळ्या गाड्यांवर वाचलंय, त्यामुळे ती चूक आता रूढ झाली असं धरायला हरकत नाही. ‘अमेरिकन चॉपसी’ तर आता बरोबरच वाटतं. मूळ कॅन्टोनी शब्दाचा अर्थही ‘सगळं मिसळून केलेले तुकडे’ एवढाच आहे. त्या शब्दाचे आपण आणखी चार तुकडे केले तर त्याला वाईट वाटायचं कारण नाही.

नावांची तर मजाच निराळी. आमच्याकडच्या गाड्यांवर देवांची वस्ती दाट. जय मल्हार चायनीज, आई भवानी चायनीज, स्वामींच्या नावाची चायनीज तर अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की मोजावी. ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’ वर, खाली ‘चिकन लॉलीपॉप’, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत ‘सोमवारी फक्त व्हेज मिळेल’. देवाचं नाव आणि देवाचा वार दोन्ही सांभाळले, आता कुणी काही बोलायचं नाही. मग नात्यागोत्यांच्या गाड्या. मामा चायनीज, भाऊ चायनीज, दोघा बहिणींच्या नवऱ्यांची ‘साडू चायनीज’. मग ‘न्यू’वाले. न्यू अमुक चायनीज दिसलं की मी आपली जुनं शोधत बसते. ते कुठंच नसतं. तरीही या साऱ्यांना हसताना मला कधी काही टोचलं नव्हतं. धोंडिबालाच का टोचावं? कदाचित बाकीच्या पाट्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं म्हणून.

अक्षरांचं वळण हा आणखी एक विषय. चायनीजच्या पाटीवरचं मराठी ओळखू येतं ते शिरोरेषेवरून. ती सलग नसते. कुऱ्हाडीनं तोडलेल्या लाकडांसारखी, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला टोकदार, तिरकी तिरकी. ‘च’चं पोट फाटलेलं, काना खंजिरासारखा. हे वळण चीनमधून आलेलं नाही. इंग्रजी अक्षरांना चिनी कुंचल्याचा आव आणणारा टाइप अमेरिकेतल्या क्लीव्हलंड टाइप फाउंड्रीनं १८८३ साली काढला. त्याचं नावच ‘चायनीज’ ठेवलं होतं, पुढे ते ‘मँडरिन’ झालं. तिथल्या हॉटेलांच्या पाट्या त्याने भरल्या, पाट्यांवरून मेनूकार्डांवर गेला, आणि फिरत फिरत तो आव आमच्याकडच्या पेंटरच्या हातात आला. त्यानं तो देवनागरीला लावला. गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँच्या पाट्या रंगवणारा हात, अमेरिकनांनी कल्पिलेला चिनी कुंचला, आणि मजकूर ‘जय मल्हार’. कुणी एकानं ठरवून हे जमवायचं म्हटलं असतं तर जमलं नसतं.

आमच्या घरात चायनीज शिरलं ते वडिलांच्या हातून, हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. वडील मिलमध्ये होते. भोंग्यावर उठणं, भोंग्यावर जेवणं. उरलेला वेळ युनियनचा. मी दहावीला चांगले मार्क मिळवले तेव्हा आम्हाला घेऊन ते पार्क चौपाटीवर गेले आणि म्हणाले, आज काहीतरी नवीन खायचं. जानेवारीतल्या गड्ड्याखेरीज आम्ही सगळे मिळून बाहेर खायला जायची ही बहुधा पहिलीच वेळ. स्टूल डुगडुगत होतं. रॉकेलच्या स्टोव्हचा भपकारा, जळत्या लसणाचा वास, कढईतून एकदम वर उठणारी ज्वाळा, आणि ती उठली की आईचा मागे सरकणारा पदर. वडिलांनी चष्मा कपाळावर चढवून कार्डावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर सुटं करत वाचलं, “हक्-का नूडल्स.” क्षणभर थांबले. मग गाडीवाल्याकडे बघून म्हणाले, “हक्काच्या आहेत तर पैसे कशाला लावलेत?”

गाडीवाला हसला नाही. त्याला कळलंच नाही. आम्ही तिघं भावंडं मात्र पुढची कित्येक वर्षं त्या पदार्थाला हक्काच्या शेवयाच म्हणत राहिलो. आईचं म्हणणं होतं की शेवया उकडून चाळणीत नीट निथळवल्या नाहीत, म्हणून चिकटल्यात. उन्हाळ्यात गच्चीवर शेवया करणाऱ्या बाईचं मत होतं ते. मी अजूनही ते शेवटचं मानते.

हक्का म्हणजे काय हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा वडील नव्हते. हक्का हे चिन्यांमधल्या एका समाजाचं नाव, आणि त्याचा शब्दशः अर्थ पाहुणी घरं, पाहुणे लोक. उत्तरेकडून दक्षिणेत सरकत आलेली ही माणसं शेकडो वर्षं तिथं राहिली तरी नाव पाहुण्यांचंच राहिलं. त्यातले काही कोलकात्याला आले, टांगऱ्यात कातडी कमावण्याचे कारखाने काढले, आणि त्यांच्या घरच्या स्वयंपाकाला बंगाली जिभेसाठी मिरची-लसूण लागली. १९६२च्या युद्धानंतर देशातल्या हजारो चिनी वंशाच्या माणसांना, त्यात इथंच जन्मलेलेही होते, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. सुटून आलेल्यांपैकी आणि त्यांच्या नात्यागोत्यातले कितीतरी नंतर कॅनडाला गेले. आता टोरांटोत ‘हक्का’ अशी पाटी दिसली की तिथल्या लोकांना कळतं, इथं भारतीय पद्धतीचं चायनीज मिळतं, चिली चिकन आणि मंचुरियन. म्हणजे पाहुणे इथं आले, इथून हाकलल्यासारखे गेले, आणि जाताना आपल्या नावात आपलं तिखट बांधून घेऊन गेले. वडिलांना हे सांगता आलं असतं तर ते काय म्हणाले असते याचा मी अंदाज करते. हक्क मागावाच लागतो, असं काहीतरी. किंवा नुसतं “बघ” म्हणाले असते.

हे वाचलं त्या दिवशी पूर्व भागातल्या माझ्या मैत्रिणीला फोन केला. पद्मशाली घर, पणजोबा मागासाठी तेलंगणातून इकडे आले. म्हटलं, तुम्हीही हक्काच की. ती म्हणाली, “आम्ही कुठले पाहुणे? पाहुणे तर तुम्ही. आमच्याकडं जेवायला कधी येलालीस ते सांग.”

गाडी सोडून हॉटेलात शिरलं की नावांचा नूर बदलतो. तिथं देव नसतात, आजोबा नसतात. ड्रॅगन असतो, भिंत असते, पांडा असतो, बांबू असतो. मालक इथलाच, बार्शी-पंढरपूरकडचा, पण पाटीवर वांग किंवा चँग. ही नावं वाचून कुणी फोटो काढत नाही, हसत नाही, आणि खरं तर वेष बदललेली नावं हीच. मुंबईत कुलाब्याचं नानकिंग होतं, ते खरोखरच लिंग नावाच्या चिनी कुटुंबाचं. त्याच घरानं पुढे काढलेल्या हॉटेलाचं नाव लिंग्ज पॅव्हिलियन. माझा मुंबईचा आतेभाऊ हे नाव सांगताना शाळकरी पोरासारखा खिदळायचा. मी त्याला म्हटलं, सोलापूरला ये. सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांचं गाव आहे हे. इथं शिवलिंगप्पा आहेत, महालिंगप्पा आहेत, गुरुलिंग आहेत. उद्या त्यांच्यातल्या कुणी ‘महालिंग चायनीज’ काढलं तर तुझ्या मुंबईतले लोक म्हणतील, अस्सल चिनी दिसतोय.

आणि अस्सलचं म्हणाल तर मंचुरियन तरी कुठं मंचुरियाचं आहे. मुंबईच्या क्रिकेट क्लबात १९७५ साली नेल्सन वांग यांनी ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. कोलकात्यात जन्मलेला माणूस. आलं, लसूण, हिरवी मिरची अशी आपल्याच घरातली फोडणी, फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि दाटपणाला कॉर्नफ्लोअर. नाव मात्र दिलं पार उत्तरेकडच्या थंडगार प्रांताचं. हे वाचल्यापासून मंचुरियन मला चिनी वाटेनासं झालं. रस्सा दाट असलेलं भजंच ते.

नावांचं हे सगळं गंमत म्हणून चाललंय, पण एक नाव असं आहे की ते आठवलं की गंमत थांबते.

कॉलेजात असताना सात रस्त्याजवळच्या एका गाडीवर आम्ही जायचो. पाटीवर काय नाव होतं आठवत नाही, कारण त्या नावानं त्या गाडीला कुणी ओळखतच नव्हतं. कढईवर एक नेपाळी मुलगा असायचा. सतरा-अठराचा, बारीक डोळे, कानापर्यंत केस, कढई एका हातानं अशी उडवायचा की भात वर जाऊन वळून परत खाली यायचा. मालकानं त्याला मुद्दाम पुढे उभा केला होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघून गिऱ्हाईक येतं हे मालक उघड सांगायचा. आणि आम्ही सगळे त्याला हाक मारायचो, “ए चायना, दोन हाफ.” तो वळायचा. हसायचाही. थंडीत एकदा गर्दी नव्हती, तो हात शेकत बसला होता, तेव्हा मी विचारलं, तुझं खरं नाव काय रे? त्यानं सांगितलं. गावाचं नावही सांगितलं.

दोन्ही मला आज आठवत नाहीत.

पुढच्या वेळी मी परत ‘ए चायना’ म्हटलं असणार. म्हटलंच असणार, नाहीतर नाव लक्षात राहिलं असतं.

गंमत बघा, चीनमध्ये जाऊन चिनी नाव मिळालेला माणूसही याच गावचा. भैया चौकातून जाताना डॉक्टर कोटणीसांचं घर, आता स्मारक झालेलं, डाव्या-उजव्या हाताला दिसतंच, आणि सोलापूरकराला त्यांची गोष्ट सांगायची गरज नाही. शाळेतून आम्हाला दरवर्षी ती सांगितली गेली आहे. शाळेत सांगितलं नव्हतं ते नावांचं. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली भारतातून जे पाच डॉक्टर गेले, त्या पाचही जणांना तिकडे चिनी नावं मिळाली आणि प्रत्येकाच्या नावाचं शेवटचं अक्षर एकच, हुआ. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ. आडनावाचा पहिला आवाज ठेवला, द्वारकानाथातला ‘द’ही कुठंतरी ऐकू येतो, आणि शेवटी आपल्या देशाचं नाव जोडलं. मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत. दोन देश एका पाळण्यात. वडील गेले तेव्हा ते बाळ काही महिन्यांचं होतं.

मला या दोन हाका शेजारीशेजारी ठेवाव्याशा वाटतात, आणि ठेवल्या की काही सुचत नाही. एकाला परक्या मुलखात नाव दिलं, त्यात त्याचं स्वतःचं थोडंसं राखून. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आम्ही एका देशाचं नाव चिकटवलं, तोही त्याचा नसलेला. सात रस्ता आणि भैया चौक यांत स्कूटीवरून जायला फारसा वेळ लागत नाही.

धोंडिबाचा फोटो टाकल्यावर चारपाच दिवस मी चीनमधल्या हॉटेलांची खरी नावं शोधत बसले. आपण एवढे हसतो, ते लोक स्वतः काय नावं ठेवतात ते तरी बघू, असा जरा वकिली हेतू होता. आणि तिथं जो खजिना हाती लागला! सिचुआनचं जगप्रसिद्ध मापो टोफू. मापो म्हणजे तोंडावर देवीचे वण असलेली म्हातारी. छंगदूमध्ये अशी एक बाई खानावळ चालवायची, तिच्या हातचं ते, म्हणून पदार्थालाही तिचा चेहरा मिळाला. तिथलाच दुसरा पदार्थ, ‘नवराबायकोचे फुप्फुसाचे काप’. एक जोडपं ते गल्लीत फिरून विकायचं. फुप्फुस आता त्यात बहुतेक नसतंच, नवराबायको मात्र नावात टिकून आहेत. साडू चायनीजला आम्ही हसतो! आणि कोवळ्या कोंबडीच्या एका पदार्थाचं इंग्रजी भाषांतर कुठल्याशा कार्डावर ‘कामजीवन नसलेली कोंबडी’ असं छापलं होतं. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आधी सरकारला अशी नावं गोळा करून सुधारावी लागली. मुद्रितशोधकांनी ते वाचून धन्य धन्य म्हटलं असेल. निदान मी म्हटलं.

पण मी थांबले ती त्यांत्सिन शहरातल्या एका दुकानापाशी. वाफवलेल्या सारणाच्या पावांचं दुकान, १८५८ सालापासूनचं, चीनभर नावाजलेलं. नाव आहे गोउबुली. अर्थ, ‘कुत्रा लक्ष देत नाही’. गोष्ट अशी सांगतात की दुकान काढणाऱ्या माणसाचं घरचं नाव होतं गोउझ, म्हणजे कुत्र्याचं पोर. धंदा इतका वाढला की त्याला गिऱ्हाइकाशी बोलायलाही फुरसत मिळेना, तेव्हा लोक म्हणायला लागले, कुत्र्या पाव विकतो, माणसांकडे बघत नाही. तेच दुकानाचं नाव झालं. ऑलिंपिकच्या सुमाराला पाहुण्यांसाठी इंग्रजी नाव हवं म्हणून त्यांनी ते ‘गो बिलीव्ह’ केलं. आपला ‘हॉट अँड शॉवर’ याच्यापुढे पाणी भरेल.

आता आईबाप पोराला कुत्र्या का म्हणतील? मूल जगावं म्हणून. नाव वाईट ठेवलं की वाईट शक्तींची नजर त्याच्यावर पडत नाही, अशी तिकडच्या खेड्यापाड्यांतली समजूत. हे वाचलं आणि मी मोबाइल बाजूला ठेवला. पोरं पाठोपाठ जायची तेव्हा आपल्याकडे काय करायचे? दगडू म्हणायचे. केरबा म्हणायचे. पाचवीला सटवी कपाळावर लिहायला आली तर तिला वाटावं, इथं धोंडा पडलाय, मूल नाहीच. माझ्या आईच्या माहेरी एक दगडूमामा होते, आधीची तीन भावंडं गेल्यावर जगलेले. त्र्याण्णव वर्षं जगले. नाव लागू पडलं म्हणायचं.

आणि मी धोंडिबाच्या पाटीचा फोटो काढून हसले होते.

मधे एक वर्ष असंही येऊन गेलं होतं की चायनीज या शब्दालाच लोक बिचकले. २०२०च्या जूनमध्ये गलवानच्या चकमकीनंतर रामदास आठवल्यांनी चायनीज पदार्थांवर बहिष्कार टाका, अशी हॉटेलं बंद करा, असं म्हटलं होतं. टाळेबंदीमुळे गाड्या तशाही बंदच होत्या, त्यामुळे बहिष्कार टाकायचा कुणावर हा प्रश्नच होता. पुढे सुरू झाल्या तेव्हा एका गाडीवर ‘चायनीज’च्या वर ताज्या रंगात ‘इंडियन’ चढलेलं मी पाहिलं. सहा महिन्यांत उन्हानं ते ‘इंडि’ एवढंच उरलं, आणि विजापूरकडून येणाऱ्यांना वाटलं असेल, इंडी तालुक्यातला कुणी दिसतोय.

सोमवारी संध्याकाळी परत गेले. सोमवारी गर्दी कमी असते हे मला माहीत होतं, सिद्धेश्वराचा वार. दिवसभराच्या उन्हानं डांबर अजून तापलेलं होतं. पोरगा कोबी चिरत होता, त्याची बायको मागे पिंपातून पाणी काढत होती. तिच्याकडे बघून मला उगाच ते फुप्फुसाचे काप आठवले. मी व्हेज मंचुरियन सांगितलं आणि विचारलं, “धोंडिबा कोण?”

“आज्या माझा.” त्यानं मान वर केली नाही. “आज्या भज्जी विकायचा. वडलानंबी तेच केलं. आता पोरं भज्जी खाईनात, मग मी चायनीज टाकलो. पेंटर म्हनला, नवीन बोर्डाला दोन हजार. नुसतं भज्जी सेंटर पुसून चायनीज लिहायचं तर चारशे.” मग झाऱ्यानं वर पाटीकडे दाखवलं. “म्हनून आज्या राहिला.”

मी उठून पाटीजवळ गेले. ट्यूबलाइटचा उजेड तिरका पडला की पिवळ्या रंगाखालून जुनी अक्षरं वर येत होती. ‘चायनीज’च्या पोटात ‘भज्जी’ स्पष्ट दिसत होती, जोडाक्षरासकट. आणि मग ते ड्रॅगन. ते ड्रॅगन नव्हतेच. मिरच्या होत्या, भज्जीच्या. पेंटरनं टोकाला तोंड काढलं होतं, दोन मिशा, चार पाय आणि पाठीवर काटे. देठ तेवढे तसेच ठेवले होते, हिरवे. चारशे रुपयांत एवढंच बसलं असणार.

“कुणाला सांगू नका ओ,” तो म्हणाला. “लोकं भारी ड्रॅगन म्हनतेत.”

मंचुरियन गरम होतं, जिभेला चटका बसेल इतकं. आतून मऊ, वरून थोडं कडक, आणि लसणाच्या मागे कुठंतरी ओव्याचा वास. भज्ज्यांतला ओवा याच्या हातातून गेलेला नव्हता, की मुद्दाम घालत होता, ते मी विचारलं नाही. खाता खाता त्याला त्यांत्सिनच्या दुकानाची गोष्ट सांगितली. कुत्र्याचं नाव, गिऱ्हाइकाकडे न बघणं, एकशेसाठ वर्षांहून जुना धंदा, सगळं. तो ऐकत होता, हात चालूच. कढई एकदा उडवून म्हणाला, “म्हंजे तिकडंबी धोंडू हायत की.”

मग एकदम आठवल्यासारखं त्यानं गॅस बारीक केला. “मॅडम, त्या दिवशी फोटो काढलाव की. टाकलाव का कुठं?”

मला घास गिळवेना. म्हटलं, हो, शाळेच्या ग्रुपवर.

“मग? काय म्हनले?”

“हसले.”

“हसले का!” तो खूश झाला. “पत्ता टाकलाव का?”

पत्ता टाकला नव्हता.

“असं कसं ओ! हसून काय फायदा मग. टाका की.” कडेच्या फडक्यानं हात पुसून तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, मोबाइलमध्ये डोकावत. “आसरा चौकाच्या अलीकडं. डाव्या हाताला. सोमवारी फक्त व्हेज. लिहिलाव?” मी लिहीत होते. तो एकेक अक्षर बघत होता, ओठ हलवत, आणि मी पाठवायला बोट नेलं तेव्हा त्यानं मला थांबवलं.

“थांबा थांबा. चायनीजमधली नी दुसरी हाय ना? बघा एकदा.”